पंचविसावी किल्ली

बारामतीहून तीनची बस आली आणि गेली. विकी उतरला नाही.

"चारच्यानं येईल," शालनकाकी म्हणाल्या आणि पुन्हा सतरंजीवर बसल्या.

लासुर्ण्याच्या समाजमंदिरात सकाळपासून माणसं बसून होती. सोमवारी हे समाजमंदिर पाडायचं होतं. मागच्या खोलीतलं वाचनालय, कॅरमचा कोपरा, पोरांची व्यायामाची वजनं, सगळंच त्याबरोबर जाणार होतं. शेजारी मंडळाच्याच जागेवर नवी इमारत उभी राहिली होती. खाली सभागृह, वर पंचवीस घरं. बिल्डरचा माणूस सकाळीच सगळ्या किल्ल्या मंडळाच्या हवाली करून, हात झटकून गेला होता. चोवीस किल्ल्या वाटून झाल्या. पंचविसावी अध्यक्ष बुद्धभूषण यांच्यासमोर टेबलावर पडून होती. ती शालनकाकींच्या मुलाची, विकीची.

नियम मंडळानंच केलेला. ज्याचं नाव, त्यानं स्वतः येऊन सही करायची. पाचपर्यंत आला नाही, तर त्याचं घर चिठ्ठी टाकून दुसऱ्या कुणाला तरी. चिठ्ठ्या लिहूनही झाल्या होत्या. एका घरात न मावणारी सहा कुटुंबं त्या किल्लीकडं बघत बसली होती.

प्रियदर्शनी तेवढी पुस्तकं पोत्यात भरत होती. मंडळाची सचिव तीच आणि वाचनालय चालवायचीही तीच. पोलीसभरतीचा अभ्यास करणाऱ्या अकरा मुली रोज तिथं बसायच्या. उद्यापासून पुस्तकं शेळ्यांच्या छपरात जाणार होती. मुली कुठं जाणार, ते कुणीच सांगत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी करार झाला, तेव्हा ती बिल्डरशी भांडली होती. यादीत वाचनालयाचं नाव घाला म्हणाली, तर तो हसला होता. "ताई, जेवढी कुटुंबं तेवढी घरं. पुस्तकं काय कुटुंब हाय का?"

बैठक खो खो हसली होती. आणि यादी बंद होता होता शालनकाकी उठल्या. "माझ्या विकीचं नाव घाला," म्हणाल्या. "वेगळं घर पायजे त्याला." चोवीसची यादी पंचवीस झाली.

प्रियदर्शनी ते विसरली नव्हती.

"काकी, तळोज्याला त्याला कंपनीची खोली हाय म्हणता. मग हितली कशाला?"

"आसावं गावात कायतरी."

"अकरा वर्षांत एकदा तरी आला का त्यो?"

"फोन करतो की. दर चौदा एप्रिलला."

"आमी कुणी न्हाय कधी ऐकला."

"तुला का करंल? तू काय त्याची बायको हायस?"

हशा पिकला. प्रियदर्शनीनं पोत्याची सुतळी करकचून आवळली.

चारची बसही गेली. गंगाराम आबा दारातूनच ओरडले, "शालन, कंडक्टर एकटाच होता बघ. तुझा ल्योक टपावर बसून येतोय का काय?"

"आजून तास हाय आबा."

"फोन तरी लावा काकी," बुद्धभूषण म्हणाले.

शालनकाकींनी फोन कानाला लावला. बराच वेळ धरून ठेवला.

"उचलत न्हाय. गाडीत आसंल."

पावणेपाचला साखरबाई सरकत सरकत जवळ आली. तिचे दोन्ही मुलगे, दोन सुना एकाच पत्र्याखाली राहत. चिठ्ठीत तिचंही नाव होतं. "काकी, येणार नसला तर सांगून टाका. किती ताणायचं?"

"पाच वाजूंद्या."

"आन नाय आला तर?"

"पाच वाजूंद्या म्हणते न्हवं!"

इतक्या मोठ्यानं त्या कधी बोलत नसत. साखरबाई चपापली. कॅरम खेळणाऱ्यांचा हात थांबला. मग सगळेच भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायला लागले. शालनकाकी मात्र रस्त्याकडं बघत होत्या, खरंच कुणी येणार असल्यासारख्या.

पाचला दोन मिनिटं कमी असताना बुद्धभूषणनी चिठ्ठ्यांचा डबा पुढं ओढला.

"काकी, माझा नाइलाज हाय. हजर न्हाय, म्हणजे चिठ्ठी."

"आन वारला आसला तर?"

शालनकाकींनी नियमांच्या कागदाकडं बोट केलं.

"नियमात काय लिवलंय ते वाच."

बुद्धभूषणनी कागद उलटला. "मयत असल्यास... घर वारसाला. त्यानं वापरावं नाहीतर कुणाला द्यावं."

शालनकाकी उठल्या. पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला. बुद्धभूषणनी वरचं नाव बघितलं, शिक्का बघितला आणि खाली मान घातली. त्यांनी डबा बाजूला सारला.

"शालन," गंगाराम आबा कसेबसे म्हणाले, "आगं कधी?"

त्यांनी पेन उचललं. वहीत विकीच्या नावापुढं एकेक अक्षर जुळवत सही केली, किल्ली उचलली आणि थेट मागच्या खोलीत गेल्या. प्रियदर्शनीच्या हातात किल्ली कोंबली.

"पोती छपरात न्हेऊ नगं. वर न्हे. पोरींना सांग, उद्यापासनं तितंच बसायचं."

"काकी, मी तुमाला काय काय बोलले..."

"बोल की. पर आधी पोती उचल. जड हायत."

बाहेर साखरबाई पदर तोंडाला लावून बसली होती. कुणी उठलं नाही, कुणी हरकत घेतली नाही. कालपरवाच मुलगा गेलेल्या बाईला काय बोलायचं?

तो कागद दप्तरात लावायचं काम सचिवाचं. प्रियदर्शनीनं डोळे पुसले, टेबलापाशी आली आणि घडी उलगडली. नाव विकीचंच. गाव तळोजे. खाली मृत्यूची तारीख.

तारीख नऊ वर्षांपूर्वीची होती.