चढती लय

केशवराव तिकोट्यांच्या कृत्रिम हृदयाचा जुना प्रोग्राम सकाळी नव्या संगणकावर चालू झाला, तेव्हा तो बसवणाऱ्या इरफान शिकलगारला हायसं वाटलं. जुना संगणक जळला होता, कंपनी कधीच बंद पडली होती, दवाखान्यांनी हात वर केले होते. पडद्यावर ठोके दिसत होते बहात्तर.

दुपारी केशवरावांच्या पत्नी कुमुदताईंनी त्याला घाईने बोलावून घेतलं. केशवराव घामाने निथळत होते. चाळीस वर्षं तबला वाजवलेली त्यांची बोटं मांडीवर ठेका धरत होती.

"इरफान, लय चढतेय रे."

"काका, पडद्यावर बहात्तरच आहेत की."

"त्याचं मिनिट खरं कशावरून? भिंतीवरच्या घड्याळावर मोज."

इरफानने त्यांचं मनगट धरलं. मिनिटभरात एकशे चाळीस ठोके पडले. जुना प्रोग्राम संगणकाच्या वेगावरून वेळ मोजायचा, आणि हा नवा संगणक आपला वेग आपणच वाढवत न्यायचा; म्हणून प्रोग्रामचं मिनिट आखूड होत चाललं होतं. सकाळी इरफानने मात्र प्रोग्रामच्याच घड्याळावर ठोके तपासले होते.

"मग संगणक बंद करून वेग कमी कर ना," कुमुदताई म्हणाल्या.

"काकू, तेवढा वेळ हृदय छातीतल्या बॅटरीवर चालतं. ती सकाळी संगणक बदलतानाच संपली. भरायला उद्या उजाडेल."

"आणि तोवर?"

इरफानने पुन्हा त्यांचं मनगट धरलं. पडद्यावर बहात्तरच होते. केशवरावांच्या बोटांनी मांडीवर दुगुन, ठेक्याची दुप्पट लय, धरली.