दोनशे दहा पायऱ्या

दवाखान्यात रक्त तपासणाऱ्या ताईंनी तिला बजावलं होतं, "नवऱ्याचा मलेरियाचा ताप उतरला तरी गाफील राहू नका. पोटात दुखलं तर लगेच घेऊन या." तिने मान डोलावली आणि विसरून गेली. आज सकाळी नवरा पोट धरून बसला, तेव्हा तिनेच त्याला सोडा पाजला. "रिकाम्या पोटी गोळ्या घेता, दुसरं काय होणार!" म्हणून डाफरली आणि डबा हातात देऊन कामावर पिटाळलं.

आता तो बांधकामावरच्या क्रेनच्या केबिनमध्ये होता, दोनशे दहा पायऱ्या वर. निरोप मिळताच धावत आलेली ती खाली उभी, कडेवर बाळ, हातात मुकादमाचा वॉकीटॉकी.

"अहो, उतरा ना हळूहळू."

"ताठ होता येत नाही गं. पुढे वाकून बसलो की जरा बरं. सरळ झालो की पोटातून पार पाठीपर्यंत सुरी फिरते." मग नुसता ओकाऱ्यांचा आवाज.

"टाकून आला असणार," मुकादम म्हणाला. "तापाचं आपलं निमित्त."

"ते थेंबालाही शिवत नाहीत."

म्हणाली खरी. पण काल त्याला यायला उशीर झाला होता. मनात पाल चुकचुकली तशी तिने बाळाला उगाच दुसऱ्या कडेवर घेतलं. बाळ वर बघून टाटा करत होतं. बाबा रोज वरून हात हलवायचा.

क्रेनला माल बांधणारा एक खलाशी शिडीने वर चढला. बऱ्याच वेळाने तिच्या हातातलं यंत्र खरखरलं.

"वहिनी, वासबिस काही नाही. अंग गार पडलंय, घामाने निथळतायत. पोट दगडासारखं लागतंय."

मुकादमाने टोपी काढली आणि ती हातात फिरवत राहिला.

तोवर आलेल्या रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मलेरियात क्वचित स्वादुपिंडालाही सूज येते. मला तीच शंका आहे. लवकर खाली आणा."

लवकर कसं आणणार? लोखंड, सिमेंट, विटा, सगळ्या जगाचं ओझं अलगद उतरवणारा तोच एक, आणि तोच वर अडकलेला.

अग्निशमनवाले दोर घेऊन चढले. त्यांना स्ट्रेचर उलगडताना पाहून ती यंत्रात ओरडली, "आडवं करू नका त्यांना! वाकलेलेच आणा, बसवून!"

आता तो दोरावर आहे. गुडघे छातीशी, कपाळ न उघडलेल्या डब्यावर. वीत वीत खाली येतोय. अजून अर्ध्यावरही नाही.

तो टेकेपर्यंत तुम्ही एक करा. तुमच्या घरात कुणाचा ताप नुकताच उतरला असेल, तर उठा, आत जाऊन बघा. बरं वाटतंय का, असं विचारू नका, हो म्हणतील. ताठ बसता येतंय का, तेवढं बघा.