चार बोटं पांढरं

पांढरी पूड भरलेल्या काचेच्या नळीत वरून लाल पाणी पडत होतं आणि खालून नितळ बाहेर येत होतं. कापड रंगवणाऱ्या डाइंग कारखान्याचा लाल पाण्याचा पाट दगडांनी बुजवायला आलेल्या ओढ्याकाठच्या बायका बघतच राहिल्या.

"अशाच पुडीची मोठी टाकी बसवतोय," मगदूम मालक म्हणाले. "मग ओढा कधीच लाल व्हायचा नाही."

कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या मृण्मयीने ही नळी स्वतः भरली होती. सिलिकाच्या पांढऱ्या पुडीतली डोळ्यांना न दिसणारी छिद्रं रंग धरून ठेवत होती. पण धरून धरून पूड वरून लाल होत चालली होती. तळाशी जेमतेम चार बोटं पांढरी उरली होती.

"मालक, थांबूया आता," ती पुटपुटली.

"त्यांची खात्री पटू दे. पूड रंगाने भरते हे बोललीस, तर उद्यापासून येऊ नकोस."

बायकांतल्या पद्मिनीआक्कांनी लाल पाण्याची आणखी एक कळशी पुढे केली. लाली बोटभर खाली उतरली. मृण्मयीने तोटी बंद केली.

"आक्का, ही पूड भरत आलीय. वेळेवर बदलली नाही, तर खालूनही लालच येणार."

मालकांचे डोळे तिच्यावर रोखलेले होते. आक्कांनी वाकून उरलेल्या पांढऱ्या पट्टीवर बोट टेकवलं.

"मालक, टाकीलाबी अशीच काच बसवा, रस्त्याच्या अंगाला. येताजाता बघू आमी. पांढरं हाय तवर कारखाना चालवा. सरलं, की दगड घेऊन आमी हायच."