लिटरला बारा

“लिटरला बारा!” गाडीतून उतरता उतरताच थेंबे म्हणाले. “कागदावर वीस, रस्त्यावर बारा. मिस्त्री, ही गाडी घेतली की घरात दारुडा आणून ठेवला?”

थेंबे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. एकतीस वर्षं त्यांनी बस चालवली. डिझेल वाचवण्यात त्यांचा हात धरणारा डेपोत कुणी नव्हता, म्हणून पडलेलं ते नाव. मिस्त्रीही त्याच डेपोतला. आता त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. गाडी थेंब्यांच्या मुलीची, तीन महिन्यांपूर्वी घेतलेली, क्लच नसलेली, आपले आपण गिअर बदलणारी. चालवायचे मात्र थेंबेच. सकाळी नातीला शाळेत सोडायचं, मुलीला कामावर पोचवायचं, दुपारी नातीला आणायचं. सर्व्हिस सेंटरने दोनदा तपासून ‘दोष नाही’ म्हणून परत पाठवली होती.

“कालची पोरं ती,” थेंबे म्हणाले. “कॉम्प्युटर जोडतात नि त्यालाच विचारतात.”

“बाबा, यांना आधी बघू तरी द्या,” मुलगी म्हणाली. तिने आज त्यासाठी अर्धी सुट्टी टाकली होती.

मिस्त्रीने चाकांतली हवा बघितली. फिल्टर काढून उजेडात धरला. सगळं ठणठणीत होतं. मग त्याने पुढच्या चाकाच्या रिमला हात लावला आणि चटका बसल्यासारखा झटकन मागे घेतला. हेल्मेट घेतलं.

“पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन या दोघं. मी स्कूटरवर मागून येतो.”

थेंब्यांनी गाडी काढली. गाडी चालवावी तर थेंब्यांनी, पोटातलं पाणी हलायचं नाही. धक्का नाही, घाई नाही, उगाच हॉर्न नाही. टाकीला वळसा घालून ते परत आले तेव्हा मुलीला वाटलं, मिस्त्री आता गाडीलाच नावं ठेवणार.

मिस्त्रीने स्कूटर स्टँडला लावायला बराच वेळ घेतला. मग तो थेंब्यांच्या दाराशी आला.

“तुमचा ब्रेकचा दिवा,” तो म्हणाला.

“गेलाय का?”

“विझतच नाही. जाताना नाही नि येताना नाही. तुमचा डावा पाय ब्रेकवर आहे, थेंबे. क्लच शोधत जातो आणि तिथेच बसतो. गाडी ओढतेय, तुम्ही धरताय. पेट्रोल जाईल नाही तर काय होईल?”

थेंब्यांचा चेहरा तांबडा झाला. “ब्रेकवर पाय ठेवून चालवणाऱ्यांना मी डेपोत उभं करत नव्हतो. तुला माहीत आहे. आणि मी पाय ठेवला असता तर मला कळलं नसतं?”

मिस्त्रीने दार पूर्ण उघडलं. “बसल्या जागी सांगा. आत्ता कुठे आहे पाय?”

“खाली. मॅटवर.”

“खाली न बघता सांगा.”

“सांगितलं की, मॅटवर!”

मुलगी वाकली. बाबांचा काळा बूट ब्रेकवर होता. दाबलेला नव्हता, नुसता टेकलेला. झोपलेल्या मुलाच्या अंगावर हात असावा तसा. ती सरळ झाली आणि बाबांच्या तोंडाकडे बघू लागली. तिच्या त्या नजरेनेच थेंब्यांनी खाली बघितलं.

त्यांनी पाय ब्रेकवरून उचलून मॅटवर ठेवला.

“बूट काढा जरा,” मिस्त्री हळूच म्हणाला. “आमच्या आईला साखर होती. तिच्याही पायांचं असंच सुरू झालेलं, काही लागलेलं कळायचंच नाही.”

थेंब्यांनी बूट काढला. उलटा केला तशी आतून लहान मुलांचं पत्र्याचं शार्पनर टपकन जमिनीवर पडलं. मोजा टाचेशी फाटला होता आणि तिथे रक्ताचा डाग होता, सुकून तपकिरी झालेला.

“हे सकाळपासून सापडत नव्हतं,” मुलगी म्हणाली. “त्यावरून केवढी रडारड झाली.” मग तिच्या लक्षात आलं, सकाळपासून म्हणजे शाळेपर्यंत, तिथून तिच्या ऑफिसपर्यंत, बाजारात, जिन्यावर. तिने तोंडावर हात धरला.

“दुखत नाही गं,” थेंबे तिला समजावत म्हणाले. ते बोलून झाल्यावर त्यांचे त्यांनाच ते शब्द ऐकू आले असावेत.

मिस्त्रीने जखम धुतली, कापूस लावून पट्टी बांधली. थेंब्यांनी स्वतःच गाडीला वळसा घातला आणि दुसऱ्या बाजूच्या सीटवर जाऊन बसले. कुणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं.

मुलगी बेताने चालवत होती. थेंबे समोरच्या पडद्यावरचा आकडा बघत होते. पंधरा झाला. सरळ रस्ता लागला तसा सतरा. पुलापाशी एकोणीस.

“चांगली आहे गाडी,” ते म्हणाले. “उगाच बदनाम केली बिचारीला.”

मुलीने मान हलवली.

“आणि उद्यापासून पोरीला तू सोड. ती विचारेल, आजोबा का नाही येत. तर म्हणावं, येणार आहेत, शेजारी बसून. पाढे म्हणून घ्यायला.”

“डॉक्टरकडे संध्याकाळीच जाऊ या, बाबा.”

“जाऊ की.”

घर आलं. थेंबे उतरले. जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी थांबले, एक पाय वर ठेवला, तो नीट टेकला का ते वाकून डोळ्यांनी बघितलं, आणि मगच दुसरा उचलला.