नवसाचे तांदूळ

दहा किलो तांदूळ आठ पिशव्यांत भरायचे होते. एमिलिया टीचरने पाळण्याच्या कडीला स्प्रिंगचा काटा टांगला होता. मालन एकेक पिशवी त्याला अडकवायची आणि सव्वा किलो भरले की गाठ मारायची.

मालनच्या मुलुंडच्या दोन खोल्यांत आठजणी मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. पौषातली थंडी, रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीने हरिश्चंद्रगड, चार दिवस, सामान आपापल्या पाठीवर. पुरुष एकही नाही. एमिलिया मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायची, ही वाट तिने दोनदा केली होती. ती यादी वाचत होती. दोन स्वेटर, कानटोपी, पायमोजे तीन जोड. स्वेटरच्या आत घालायला जुनी वर्तमानपत्रं, कारण गुहेतला वारा लोकरीतून आरपार जातो, कागदातून जात नाही. सुगंधाने विचारलं, रविवारची पुरवणी चालेल का, तिच्यात साड्यांच्या जाहिराती असतात, तेवढीच ऊब. सगळ्या हसल्या.

दार उघडंच होतं. त्यात मालनची नणंद, वनमाला, येऊन उभी राहिली. हातात नारळ आणि लाल खण. तिची नजर पिशव्यांवर गेली.

"अगं, हे काय चाललंय? नवसाचे तांदूळ ना ते?"

हसणं थांबलं.

चाळीस दिवस मालन पहाटे पाचला दहा किलो तांदळाचं गाठोडं पाठीला बांधून, अनवाणी, बिल्डिंगचे चार जिने चढत-उतरत होती. दहा फेऱ्या. एमिलियाची अटच होती, ओझं घेऊन चाळीस दिवस जिने चढेल तीच येईल. बिल्डिंगने मात्र वेगळाच अर्थ लावला. शिवदासच्या रक्तदाबासाठी बायकोने नवस बोललाय, असं वनमालानेच मजल्या-मजल्यावर सांगितलं होतं. मालन तसं म्हणाली नव्हती. नाहीही म्हणाली नव्हती. डोंगरावर जाते म्हटलं असतं तर शिवदासने दाराला कडी घातली असती. नवस म्हटल्यावर पहाटे तोच उठून कडी काढून द्यायचा. त्या न बोलण्याचं मालनच्या मनाला लागायचं. म्हणून ती रोज एक फेरी जास्त घालायची. दहाच्या अकरा.

आज चाळिसावा दिवस. वनमाला देवळात सांगून आली होती, दुपारी तांदूळ आणि नारळ घेऊन येतो म्हणून. आता तिने पाठपिशव्या पाहिल्या, कानटोप्या पाहिल्या आणि तिला सगळं कळलं.

"शिवदासला माहीत आहे?"

"काल सांगितलं."

"मग?"

"काही बोलले नाहीत. रागाने चहा तसाच ठेवला. थंड व्हायला लागला, म्हणून मी घेतला."

सुगंधाने तोंडाला पदर लावला. वनमालाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नवऱ्याला फसवलंस ते एक," ती म्हणाली. "पण एवढे उपास, एवढी व्रतं करणारी तू. देवाला फसवलंस गं."

मालनचा तांदळातला हात थांबला. हे शब्द कधीतरी येणार हे तिला ठाऊक होतं. एमिलियाने गळ्यातला क्रॉस सरळ केला आणि खिडकीबाहेर पाहू लागली. दुसऱ्यांच्या घरच्या भांडणात ती पडत नसे.

मालनचा आवाज वाढला नाही. तो कधीच वाढत नसे.

"वन्सं, देवाला मी रोज पहाटे खरं सांगून जिना चढले. फसली असेल तर बिल्डिंग फसली. त्याची फेरी मी रोज वेगळी घातलीय. तांदूळ देवापाशीच चाललेत. वर हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ आहे. तिथे शिजवू, नैवेद्य दाखवू, मग आम्ही आठजणी जेवू."

"आणि माझा भाऊ चार दिवस काय जेवणार?"

"ओट्याखाली दुसरा डबा आहे. ते तांदूळ नवसाचे नाहीत. त्यांना चालतील."

वनमाला वळली. नारळ तिने छातीशी धरला होता.

"नारळ ठेवून जा, वन्सं," मालन म्हणाली. "नवस अजून पुरा व्हायचाय."

वनमाला नारळ घेऊन तशीच उंबऱ्यात उभी राहिली. ना आत, ना बाहेर.

मालनने आठही पिशव्या आपल्या सॅकमध्ये भरल्या आणि सॅक पाठीवर घेतली. पहाटेच्या फेऱ्या आज राहिल्या होत्या. मग तिने फडताळातून कॅनव्हासचे पांढरे बूट काढले. चाळीस दिवस ते कोरेच पडून होते. नवसाला बूट शोभत नाहीत. एमिलिया रोज ओरडायची, कोरे बूट घालून डोंगर चढलीस तर पायांची वाट लागेल. मालन वनमालाच्या बाजूने बाहेर गेली, पहिल्या पायरीवर बसली आणि सगळ्यांदेखत नाड्या बांधल्या. ती उतरू लागली तशी रबराचा करकर आवाज जिनाभर घुमला.

तळमजल्यावरची शेवंती आवाजाने दारात आली. रोज पहाटे ती खालच्या पायरीला कुंकू लावायची आणि मालनला हात जोडायची. आताही तिचे हात सवयीने जुळले. मग नजर खाली बुटांवर गेली.

मालनने खालच्या पायरीला पाय लावला, वळली आणि पुन्हा चढायला लागली. शेवंतीचे हात तसेच होते.