अंजनाची दोन झाडं

"हे झाड नको," गुलाबराव म्हणाले.

मयुरीने झाडाला बांधायला सोडलेला पट्टा पुन्हा गुंडाळला. हे तिसरं झाड होतं. पहिला मोह. मोहफुलं गळायला लागली, की पहाटे अस्वल हमखास येतं. दुसरा धावडा, त्याला ढोली होती, आणि ढोलीत कोण राहतं ते हात घातल्याशिवाय कळत नाही. तिसऱ्याच्या बुडाशी वारूळ. तिन्ही कारणं खरी होती. वनखात्यात एकतीस वर्षं काढलेला हा माणूस झाडांविषयी थापा मारत नसे.

पोरगी पुण्याहून दोन रात्रींसाठी आली होती. येताना हॅमॉक नावाची कापडी झोळी घेऊन आली. जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं दीड एकर रान होतं. तिथे दोन झाडांच्या मध्ये झोळी बांधून एक रात्र काढायची, असं तिने चहा पितानाच जाहीर केलं. बाबांनी झाडं दाखवायची. गुलाबरावांनी मान हलवली, पण पुढचा चहा काही त्यांना गेला नाही. गुडघ्यापायी डॉक्टरांनी जमिनीवर झोपणं बंद केलं होतं, नाहीतर तेही तिथेच पथारी टाकून पडले असते. बायको मनकर्णाबाई गेल्यापासून घरात दुसरं माणूस नव्हतं. पोरीचा फोन आल्या दिवसापासून त्यांनी त्या दोन रात्री मनातल्या मनात वाटून ठेवल्या होत्या. एका रात्री तिचं सगळं ऐकायचं, दुसऱ्या रात्री आपलं सांगायचं. त्यातली एक आता झाडाला टांगली जाणार होती. आणि 'नको जाऊ, माझ्यापाशी बस' असं म्हणायला बापाची जीभ रेटत नव्हती.

मग त्यांनी जंगलालाच पुढे केलं. घोणस सांगून पाहिली, विंचू सांगितला, रानडुकरांचा कळपही सांगून झाला. मयुरीकडे उत्तरं तयार होती. साप माणसामागे येत नाही, उंदरामागे येतो, म्हणून खायचं काही ती जवळ ठेवणार नव्हती. बूट खाली न ठेवता दोरीला टांगणार होती. वरून मच्छरदाणी होतीच. ऐकता ऐकता गुलाबरावांच्या ध्यानात आलं, की हे सगळं आपणच हिला शिकवलेलं आहे. शिकवताना केवढा अभिमान वाटला होता. आज त्याच शिकवणीचा त्यांना राग आला.

उन्हाळा लागला, की वणव्याच्या राखणीसाठी ते चार चार महिने डोंगरातल्या चौकीत असायचे. आठवड्यातून एकदा घरी यायचे, पिशवीत टेंभरं नाहीतर चारं अशी रानफळं घेऊन. परत निघाले, की छोटी मयुरी पिशवीचा बंद धरून बसे. मलेबी न्या, म्हणे. साप असतात माय, ते सांगत, आणि तिची बोटं एकेक करून सोडवत. टेंभरांनी चिकट झालेली ती इवलीशी बोटं त्यांना अजूनही आठवतात. नोकरी होती, इलाज नव्हता. पुढे ती पाचवीत गेली आणि तिने बंद धरणं सोडलं.

बांधाच्या टोकाला मात्र अंजनाची दोन झाडं निघाली. सरळसोट, खाली मोकळी जमीन, ना ढोली ना वारूळ. खोट काढायला जागाच नव्हती. मयुरीने पट्टे आवळले, झोळी ताणली, बसून पाहिलं. ऊन उतरायला लागलं होतं.

जरा पलीकडून पाहून येतो, असं सांगून गुलाबराव मागच्या बाजूला गेले. खिशातून जुनी डायरी काढली. तिच्यात नागाची कात होती, नोकरीत असताना शाळेतल्या पोरांना दाखवण्यासाठी जपलेली. निघताना त्यांनी ती ट्रंकेतून गुपचूप काढून घेतली होती. जंगलाविषयी ते आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलणार होते, आणि त्याची लाज वाटून त्यांचे कान तापले होते. तरी त्यांनी कात अंजनाच्या मुळाशी ठेवली आणि मयुरीला हाक मारली.

मयुरी आली, वाकली. तिने कात अलगद उचलून उजेडात धरली. कातीला मधोमध सरळ घडी पडली होती, इस्त्री केलेल्या धोतरासारखी. घडीपाशी डायरीच्या शाईचे निळे डाग होते.

"बाबा," ती म्हणाली, "नाग कात घडी करून ठेवते काय?"

गुलाबराव जमिनीकडे पाहत राहिले. अस्वल समोर आलं तेव्हाही त्यांनी नजर खाली घातली नव्हती, असं गावात सांगतात.

"दोनच राती आली तू, माय," ते शेवटी म्हणाले. "त्यातली एक इथं काढशील, तं मी तिकडं एकटाच ना. सांगता नाही आलं मले."

मयुरीने कात होती त्याच घडीवर दुमडली, डायरीत ठेवली आणि डायरी त्यांच्या खिशात सरकवली. मग पिशवीत कोपरापर्यंत हात घालून तिने आणखी एक झोळी बाहेर काढली. ही पहिलीपेक्षा हातभर लांब होती, गुलाबरावांच्या उंचीला पुरेल अशी.

"मी एकटीच झोपीन, असं कोण म्हणलं तुमाले?" ती म्हणाली. "तुमच्यासंग जंगलात एक रात काढाची म्हणून तिसरीपासून थांबली आहो मी."