तीन खाचा

"वहिवाट कुठाय इथं? नुसतं गवतच दिसतंय," नवे तलाठी म्हणाले, तशी सुवर्णाची मान खाली गेली.

या सरकारी गायरानात पोरं बारा वर्षं डर्टबाइक फिरवत होती. गेल्या वर्षी वरच्या वळणावर तिचा भाऊ धैर्यशील गेला आणि तिनेच सगळ्यांना शपथ घातली, वर्षभर चढावर कुणी गाडी घालायची नाही. पोरांनी इमानानं दुखवटा पाळला. तोवर गवतानं वाट गिळली. आज पंचनाम्यात वाट दिसली नाही, तर गायरानाला कुंपण पडणार होतं.

"ताई, इकडं या!" धैर्यशीलचा दोस्त निवास ओरडला. आवाज फाटला होता त्याचा.

गवत दाबत, ओल्या मातीतून चाकाचा एक ताजा माग वर गेला होता. ही पोरं आपापल्या मागच्या टायरला वेगवेगळ्या संख्येनं खाचा पाडायची, म्हणजे कोण कुठल्या वाटेनं गेलं ते मातीवरून कळायचं. या मागात दर दोन पावलांवर तीन खाचा उमटल्या होत्या. तीन खाचा धैर्यशीलच्या. ते टायर वर्षभर सुवर्णाच्या घरात उभं होतं. आज निघताना तिनं त्यावरची धूळ पुसली होती.

तलाठ्यांनी वाकून पाहिलं, 'वहिवाट चालू' असं लिहिलं आणि विचारलं, "गाडी कुणाची?"

पोरं सुवर्णाकडं बघायला लागली.

"माझ्या भावाची," सुवर्णा म्हणाली.

"मग सही त्यांचीच लागेल. बोलवा त्यांना."

सुवर्णानं वर पाहिलं. माग वळणापर्यंत चढत गेला होता. खाली आलेला कुठंच नव्हता.